शेवटचा हप्ता

सोहारच्या समुद्रकाठचं हे हॉटेल
मी आतून आधीच पाहिलं होतं,
तेव्हा त्यात टेबलं नव्हती.
लांबी भरून, घासून, दोन हात मारले होते
या भिंतींवर आम्ही तिघांनी.
रंग : धुक्यातला हिरवा.
नाव मी ठेवलेलं नाही, डब्यावर होतं.

काम संपता संपता मागच्या भटारखान्यात
शेगडी पेटली, आचारी तव्याचा अंदाज घेत होता.
रंगाच्या उग्र वासातून वाट काढत
सुरमईचा वास शिडी चढून वर आला
आणि माझा ब्रश छताच्या कडेला
सूतभर घसरला.
तेव्हाच ठरवलं,
एजंटचं देणं फिटेल त्या दिवशी
इथे यायचं. पुढच्या दाराने.

बावीस महिने.

खोलीत प्रत्येकाचं काही ना काही ठरलेलं असतं.
दाभोळचा मुकादम ओव्हरटाइमचे शंभर तास भरले
की अननसाचा डबा फोडतो,
चकत्या सगळ्यांना वाटतो,
पाक मात्र एकटा पितो, भिंतीकडे तोंड करून.
टेकबहादूर, घरी पैसे पोचले की
सात उकडलेली अंडी खातो. सातच.
का, ते सांगत नाही.
मीही माझं कुणाला सांगितलं नव्हतं.
बोलून दाखवलं की वास उडतो.

आज सकाळी कुडाळहून फोन आला,
"मिटला हिशोब."
एवढंच. मला वाटलं होतं
आत कुठेतरी काहीतरी वाजेल.
नखांतला रंग टर्पेंटाइनने काढला,
लग्नातल्या शर्टावर
उकळत्या पाण्याचं पातेलं फिरवलं, इस्त्री म्हणून.

शिहाब नावाचा पोरगा पाणी ठेवून गेला.
इथे सुरमईला कनअद म्हणतात.
साडेचार रियाल.
मी गुणाकार केला,
मग पुसून टाकला.
"तिखट चालेल?"
"असेल तेवढं आण."

आली. मधल्या हाडाची, बोटभर जाड तुकडी.
रवा नाही लावलेला, हे खरं,
आणि कोकमाच्या जागी
वाळकं काळं लिंबू,
परक्याच्या ओटीवर बसलेल्या पाहुण्यासारखं
जरा अवघडलेलं.
पण बोटांनी उकललं तर
पाकळी पाकळी सुटत गेली.
सावकाश खाल्ली.
एक काटा चाटून बाजूला, दुसरा चाटून बाजूला,
ताटलीच्या काठाला कुंपण घातलं.
वर पाहिलं, तर दिव्याशेजारी
ती सूतभर चूक तशीच होती.
बाकी कुणाला दिसणार नाही.

पोट भरल्यावरही उठलो नाही.
या भिंतींनी मला
एवढा वेळ बसलेला कधी पाहिला नव्हता.
फोटो काढला नाही.

रात्री शेवंतीचा फोन.
तिकडे दीड तास पुढे, पोर झोपलेली.
"जेवलंस?"
"होय."
"काय?"
"डाळ नि भात. मेसचाच."
खोटं बोलताना माझा आवाज
जरा जास्तच साधा झाला असावा.
पलीकडे क्षणभर काही नाही, मग
कुडुम्.
"तू काय खातंस?"
"काय नाय. चणे."

चण्याचा आवाज मला माहीत आहे.
चणा एकदाच फुटतो, आणि संपतो.
हे खाजं होतं.
गुळात घोळलेलं, आल्याचं,
आधी कडकड, मग दाताला चिकटून
जीभ अडकवणारं.
बावीस महिने ज्या दुकानावरून
पोरीचा हात ओढत
ती भरभर चालत गेली असणार.

"चणे बरे असतत," मी म्हणालो.
"असतत," ती म्हणाली.
आणि मग बराच वेळ
दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.
ती हळूहळू चावत होती.
मी बोटं हुंगत होतो.