तीन मिनिटं

माझं काम बटणं दाबायचं.
काउंटीच्या सभागृहात, डाव्या कोपऱ्यात,
झेंड्याची झालर गालाला लागते तिथे बसते मी.
माइकपाशी कुणी आलं की हिरवा दिवा,
मग पिवळा,
मग लाल.
माणशी तीन मिनिटं.
नियमाचा कागद मीच टाइप केलेला,
बावीस वर्षांपूर्वी, तेव्हा माझे केस काळे होते.

मार्चमध्ये तांब्याच्या खाणीची सुनावणी झाली.
एचेव्हेरी आला, मेंढ्यांच्या बाळंतपणातून उठून,
बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
टोपी कुठे ठेवावी ते त्याला सुचेना,
वीस सेकंद त्यातच गेले.
मग ओढ्याबद्दल बोलला. ओढ्याचं नाव दोनदा घेतलं,
तिसऱ्यांदा घेणार
तोच लाल.
"थँक यू, मॅडम," म्हणाला,
जणू मीच त्याला काहीतरी दिलं होतं.

कंपनीचा माणूसही आला. त्यालाही तीनच मिनिटं.
दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर थांबला,
माझ्याकडे बघून मान लववली.
सभ्य माणूस. त्याला कसली घाई?

घाई आम्हाला होती.
ऑगस्ट लागला आणि कंपनी बोलायला लागली.
सकाळी ट्रकच्या रेडिओत बोलली,
दुपारी केस कापताना आरशावरच्या टीव्हीत बोलली,
संध्याकाळी टपालपेटीत, जाड चकचकीत कागदावर.
घसा बसला नाही तिचा,
पाण्याचा घोटही घेतला नाही.

वर्ना टोलेफसन कमिशनरपदाला उभी होती.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं,
बर्फात एकदाही पोर उशिरा पोचलं नाही.
चेरीचे पाय विकून तेवीसशे डॉलर जमवले,
त्यातले चारशे पाट्यांच्या खिळ्यांना आणि लाकडाला.
कागदावर तिचा फोटो होता, शिंक येण्याच्या क्षणी काढलेला,
खाली लिहिलेलं: हिच्या हाती आपलं भविष्य द्याल?
आणि त्याखाली, बारीक अक्षरात: स्वच्छ पाण्यासाठी शेजारी.
शेजाऱ्यांचं घर आम्ही शोधलं.
तेराशे मैलांवरची एक टपालपेटी निघाली.

बोलणाऱ्याचे हुलगे खपतात म्हणे,
न बोलणाऱ्याचा गहूही पडून राहतो.
आमचा गहू तर बोलला होता.
तीन मिनिटं.

कोर्टाचं म्हणणं मी वाचलंय, जेवणाच्या सुट्टीत, सगळं:
बोलणं पोचवायला पैसा लागतो,
तो अडवला तर बोलणंच अडवलं,
आणि बोलणाऱ्याला हाडामांसाचं अंग आहे का, हे विचारायचं नाही.
वाचताना सँडविच हातात तसंच राहिलं.
खोटं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येईना.

ऑरिन केस्लरला विचारलं, साप्ताहिक काढतो तो.
चष्मा पुसत म्हणाला,
"अगं, माझा पेपरही कंपनीच आहे कागदोपत्री.
मी, बायको आणि कर्ज.
तिचं तोंड बांधायला दोरी आणलीस,
तर उरलेली दोरी कुणासाठी ठेवशील?"
त्या आठवड्यात त्याच्या मागच्या पानावर
पानभर खाण होती, हिरवीगार, वर हरणं.
त्यावर त्याचा हिवाळा निघाला.
मी काही बोलले नाही. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

वर्ना एकसष्ट मतांनी पडली.
मोजणी मीच केली. दोनदा.
ते कागद स्टोव्हमध्ये घातले तिनं,
पण चकचकीत कागद धड पेटत नाही,
धुमसतो, डोळ्यांत जातो.
"यात तरी उपयोगी पडायचे," म्हणाली आणि खिडकी उघडली.

डिसेंबरच्या बैठकीला एचेव्हेरी पुन्हा आला.
या वेळी टोपी गाडीत ठेवून.
ओढ्याचं नाव घेतलं, एकदा, दोनदा,
पिवळा झाला,
आणि माझं बोट
लालवर गेलं नाही.
अकरा सेकंद.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
तिसऱ्यांदा नाव घेऊन तो खाली बसला.

वहीत मी लिहून ठेवलंय: तारीख, नाव, अकरा सेकंद.
कुणाकडे झुकले, तेही.
वही अजून कुणी मागितलेली नाही.