वारा कथाईन येस

खोकडासाठी निघायच्या तीन दिवस आधीपासून
बाप साबण लावायचा नाही.
बिडी बंद. कांदा बंद.
मायला म्हणायचा, फोडणी देऊ नको,
हिंग तर डब्यातच राहू दे.
माय म्हणायची, मग खा आता वारा.
आणि तो खरंच वारा खायचा,
ओट्यावर उभा राहून, तोंड उघडं ठेवून.
"वारा कथाईन येस ते दख पहिले,"
मला म्हणायचा, बाकी सगळं नंतर.

चाप उकळायचे बाभळीच्या सालीत,
पाणी शाईसारखं होईतो.
त्यानंतर त्यांना बोट लावायचं नाही,
चिमट्यानं उचलून गोणपाटात.
धोतर आठ दिवस शेणखताच्या खड्ड्यात पुरलेलं,
ते उकरायचा, झटकायचा, नेसायचा.
तळव्यांना बकरीच्या लेंड्या,
काखेत निंबाची राख,
आणि निघताना कुणाशी बोलायचं नाही.
बोलण्यालाही वास असतो म्हणे,
खोट्या बोलण्याला जास्त.

हे त्याला नवं नव्हतं.
आजीची दोन पोरं पाचवी पुजायच्या आत गेलेली.
तिसऱ्याला तिनं सुपात घालून
उखर्ड्यावर लोळवलं, राखेत, केरात.
शेजारणीनं पसाभर दादर देऊन विकत घेतलं,
नाव ठेवलं उखर्डू.
मरण दारापर्यंत येऊन हुंगून गेलं असेल,
इथं लेकरू नाही, नुसता कचरा आहे
असं म्हणत.
साठ-पासष्ट वर्षं परत फिरकलं नाही.

गिरणेच्या पात्रात आमची टरबुजाची वाडी.
खोकड एक फळ कधी पुरं खात नाही.
याला दात, त्याला दात,
सकाळी अख्खी ओळ सांडलेली,
लाल गरात मुंगळेच मुंगळे.
म्हणून चाप.
बाप खोपीच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला,
नसल्यासारखा.

मी सहा वर्षांची असेन.
चांदणं होतं, मादी आली,
शेपटीचं काळं टोक वाळूला लागू न देता.
चापापासून हातभर अंतरावर थांबली,
एक पाय वर.
बाप सांगायचा, श्वाससुद्धा मी
शेजाऱ्याचा मागून आणल्यासारखा घेत होतो.
तिनं चापाकडे बघितलंच नाही.
बापाच्या डाव्या खांद्याकडे बघितलं
आणि गेली. पळाली नाही,
दार चुकलेली बाई वळते तशी
वळून चालत गेली.

घरी येऊन त्यानं खांदा हुंगला.
खोबरेल.
संध्याकाळी तिथंच डोकं टेकून मी झोपले होते,
मायनं नुकत्या घातलेल्या वेण्यांसकट.
"तुना वास ऱ्हाई गया व्हता," म्हणाला.
हसून म्हणाला की चिडून,
ते मला आठवत नाही.
पुढच्या खेपेला त्यानं मला
आधीच आजीच्या कुशीत पाठवलं.
त्या रात्री दोन सापडली.

जळगावच्या दवाखान्यात त्याला
स्पिरिटनं पुसलं, हिरवा झगा घातला.
नर्सनं रजिस्टरातलं नाव मोठ्यानं वाचलं:
उत्तमराव.
भावानं आधार कार्डावर बदलून घेतलेलं,
पोरीच्या सोयरिकीत लाज नको म्हणून.
मी म्हटलं, ताई, हळू.
ती म्हणाली, का?
काय सांगणार होते?
खिडकी बंद होती.
वर पंखा, त्याच्या वाऱ्याला दिशाच नव्हती.
बापानं बोट ओलं केलं,
वर धरलं,
बराच वेळ धरून ठेवलं.

दहाव्यानंतर त्याचा सदरा मी
प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड गच्च बांधलं.
कधीमधी सोडते.
शेण येतं, निंब, बाभूळ,
नदीचा ओला गाळ.
यात तो कुठं आहे
ते माझ्या नाकाला काही कळत नाही.
त्या मादीला कळलं असतं.