हसण्याबद्दल तक्रार

बरबँक, स्टुडिओ नंबर नऊ. सकाळचे सव्वासहा.
तो जिना त्यांनी पुन्हा बांधलाय.
तेरा पायऱ्या, नारिंगी गालिचा, आणि वर
पूर्वीसारखंच काही नाही: प्लायवूड, एक शिडी,
सुतारानं विसरलेला कॉफीचा कप.
सहा भावंडं आम्ही इथूनच खाली यायचो,
नुकते झोपेतून उठलेले, भांग पाडलेले.

पहिला सिनेमा चालला, म्हणून हा दुसरा.
आमच्या जुन्या मालिकेची टिंगल केली की पैसे मिळतात
हे उमगायला त्यांना वीसेक वर्षं लागली.
या भागातली गोष्ट अशी:
एनफील्ड कुटुंब अजून १९७२ मध्येच राहतं,
कुंपणापलीकडे १९९६ चालू आहे,
आणि शेजारी पोलिसांत तक्रार करतो
की या घरात कुणी साधं मीठ मागितलं तरी
छतातून तीनशे माणसं हसतात.
रात्री अकरानंतरसुद्धा.

पोलीस मी आहे.
एकच वाक्य: "कोण हसतंय इथे?"
एरवी व्हॅन नाइसला लोकांचे दात साफ करते.
तोंडात नळी असली की माणसं विचारत नाहीत,
तुम्ही त्या धाकट्या बिट्सी ना?

नवी बिट्सी सात वर्षांची आहे, माझाच फ्रॉक, माझ्याच वेण्या.
मेकअपच्या खुर्चीतून मला म्हणाली,
"तू आधी कोण होतीस?"
"तू," म्हटलं.
तिनं जरा विचार केला आणि चिप्स पुढे केले.

बावीसाव्या मिनिटाला बाबा गुडघा टेकून उपदेश करायचे.
"खोटं बोलणं म्हणजे उशीखाली ओला टॉवेल ठेवणं, बिट्सी."
तेव्हा मला ते पटायचं.
नवे बाबा तेच वाक्य तब्बल चार मिनिटं बोलतात,
टॉवेल, उशी, ओल, बुरशी, पुन्हा टॉवेल,
आणि कॅमेऱ्यामागचा दिवेवाला
स्वतःचीच मूठ चावत उभा.

हसू मात्र जुनंच हवं, म्हणाला दिग्दर्शक,
मेलेल्यांचं असलं तरी चालेल.
मग ओस्वाल्दोनं तळघरातून टेपा आणल्या,
डब्यांवर तारखा, एकावर बुरशी.

आई दर शुक्रवारी तिसऱ्या रांगेत बसायची.
पार्किंग फुकट, वर सँडविच.
तिच्या हसण्यात मध्येच उचकी लागायची,
जणू ऐन हसताना कुणी तिची आठवण काढतंय.
नवव्या पायरीवरून मी खरीच पडले त्या दिवशी
हनुवटीला दोन टाके पडले,
"हसा" ची लाल पाटी पेटली
आणि सगळे हसले. तीही हसली.
ते त्यांनी तसंच ठेवलं. दर उन्हाळ्यात पुन्हा दाखवलं.
मी तिला कधी विचारलं नाही.
रुग्णालयातही नाही, तिथं तर वेळच वेळ होता.

आज ओस्वाल्दोनं नेमकी तीच टेप लावली.
दारात मी, टोपी, बिल्ला, उसना रुबाब,
आणि छतातून तीनशे माणसं कोसळली.
त्यात ती. उचकीवरून ओळखली.
पण हसण्याच्या जरा आधी, अर्धा क्षण आधी,
कुणीतरी "लॉ" म्हणतं.
लॉर्नातला लॉ असेल.
खुर्ची सरकली असेल.
"पुन्हा लाव," म्हटलं. त्यानं लावली.
"पुन्हा."
"टेप म्हातारी आहे, मॅडम," तो हळूच म्हणाला,
"फार विचारलं तर तुटेल."

सातवा टेक.
नवी बिट्सी नवव्या पायरीवरून पडली,
खाली तीन गाद्या, वर तिची आई, हात पुढे करून.
मी दार ढकललं.
"कोण हसतंय इथे?"

कट.
छान, म्हणाला दिग्दर्शक, फक्त
विचारताना एवढं खरं विचारू नका,
विनोद मरतो.
जेवणाची सुट्टी झाली.
चिकन संपलं होतं. ट्यूना होता.