शिल्लक वारा

आषाढात रात्री दोनला फोन येतो,
"सोनबर्डी, कमी करा."
मी कमी करते.
बाहेर वारा धुऱ्यावरच्या पळसांना
बुंध्यापासून हलवतोय,
आणि अकरा मनोरे पाती वळवून गप्प,
वर्गाबाहेर उभी केलेली उंच पोरं जशी.

सकाळी टपरीवर विचारणारे असतातच.
"मॅडम, रातभर एवढा वारा सुटला,
तुमचे पंखे काऊन झोपून रायले होते?"
मी सांगते, तारेला पेलत नाही,
त्या वेळी वीज कुणालाच नको असते.
उकंडराव बशीत फुंकर घालतात.
"म्हंजे पिकलं तवा गिऱ्हाईक नाही.
हे त टमाट्यावानी झालं बाप्पा."

आणि अश्विनात
संध्याकाळचे सात, पान हलत नाही.
बेबीताई नंदागवळींच्या गिरणीपुढे डब्यांची रांग,
ज्वारी, तांदूळ, कुणाची तरी चण्याची डाळ.
पट्टा अर्ध्या दळणात थांबतो.
मनोरे याही वेळी उभेच.
आता दोष माझा नाही,
तरी डबे माझ्याकडेच बघतात.

नागपूरला आराखडा हवाय:
मनोऱ्यांच्या पायथ्याशी बॅटरीचे कंटेनर किती,
किती मेगावॅट, किती तास.
दोन तास लिहा म्हणतात, दोन स्वस्त पडतात.
मी तीन वर्षांच्या नोंदी उघडून बसते,
दर पंधरा मिनिटांचा वारा एकेका रकान्यात.
कागदावर तो फार शहाणा दिसतो.

बेबीताईंना विचारलं, वीज किती वेळ लागते?
"साडेसहापासून शेवटचा डबा जाईस्तोवर."
शेवटचा कधी जातो?
"झिंगूबाई येईल तवा. थे लिंबाच्या वाडीतून
पायी येते. साडेदहा धरा."
मी चार तास धरले.
अहवालात कारण: संध्याकाळची मागणी.
झिंगूबाईसाठी रकाना नव्हता.

जागा पाहायला उकंडराव सोबत आले
आणि मला भलतीकडेच घेऊन गेले.
जुन्या पांढरीत त्यांच्या आजाचं पेव,
तोंडावर फरशी, फरशीवर बकरी.
"याच्यात उतराच्या आंधी दोरीनं कंदील सोडाचा.
इझला त उतराचं नाही. आत वाफ धरते.
माह्या काकाले..."
ते वाक्य त्यांनी तिथंच ठेवलं,
बकरीशेजारी.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"अन् तळ कधी खरवडाचा नाही.
पेव रितं झालं का ओल शिरते."

वीज म्हणजे ज्वारीच की,
असं काहीतरी मी बोलणार होते. बोलले नाही.
ज्वारी भरली तेवढी निघते, थोडी किडकी.
ही शंभर भरली तर पंचाऐंशी हाती देते,
आतल्या आत तापते,
दरसाल थोडी म्हातारी होते,
आणि आमच्याकडे मे महिन्यात
सावलीतच शेहेचाळीस.

तरी त्या रात्री तीन ओळी बदलल्या.
दोन कंटेनरमधलं अंतर दुप्पट.
आत साचणारा वायू ओळखणारं यंत्र प्रत्येकात,
माणूस दार उघडण्याआधी त्याला विचारेल असं.
तळचे दहा टक्के कायम शिल्लक.
चौथी ओळ थंडाव्याच्या खर्चाची,
ती वाचून नागपूर ओरडणार.
ओरडू दे.

पुन्हा आषाढ. मंजुरी यायचीय.
ठरलेल्या जागेवर चुन्याच्या रेघा
पहिल्या सरीत गेल्या, चार खुंट्या उरल्या.
एकीला उकंडरावांची बकरी.

रात्रीचे दोन.
"सोनबर्डी, कमी करा."
मी कमी करते, आणि माझ्या वहीत,
जी कुणी मागितलेली नाही,
तारखेपुढे लिहिते:
वाया, तीन तास चाळीस मिनिटं.
मग कंसात, झिंगूबाईचे किती डबे,
ते मोजत बसते.