उभा माऊस

डॉक्टर टेंबुलकरांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली
आणि एक झिणझिणी तर्जनीच्या टोकापर्यंत पळत गेली.
काम काय करता?
वाशीच्या मार्केटात बिलं, कांदा-बटाटा.
किती वर्षं?
एकोणीस.
आणि घरी?
म्हटलं, पोळ्या. धुणं.
गेमचं सांगितलंच नाही.
सत्तेचाळिशीच्या बाईला
रात्री साडेअकरा वाजता, कोपरखैरण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
चार अनोळखी पोरांबरोबर एक पूल राखायचा असतो,
हे केसपेपरच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिकेची अर्धी बाजू,
एवढा मुलूख गेला.
करंगळी तेवढी शाबूत,
जिला जन्मात कुणी काम सांगितलं नव्हतं.

पहाटे जाग यायची तेव्हा
दुसऱ्याच कुणाचा हात उशाशी विसरलेला असायचा.
मी तो झटकायचे, थर्मामीटर झटकतात तसा.
एका रात्री पुलावरच्या माणसावर नेम धरला,
बोट दाबलं,
दाबलं की नाही तेच कळेना.
तो वळला. मी मेले.
पडद्यावर ओजस्वचा मेसेज, जबलपूरचा पोरगा:
गालाभाई, सो गये क्या?
माझं तिथलं नाव ‘गाळा ४२’. त्याला ‘ळ’ येत नाही.

सेक्टर सतराच्या दुकानदारानं विचारलं, मुलासाठी का?
हो म्हटलं. कोण समजावत बसणार.
तेवीसशे रुपये.
घरी आणून डब्यातून काढला तर हा आडवा बसेचना,
टेबलावर उभाच,
शेकहँडला पुढे केलेल्या हातासारखा.
गाळ्यावर व्यापारी येतात, शेठशी हात मिळवतात,
माझ्यापर्यंत पोचेतो त्यांचे हात जोडलेले असतात.
मग मीच याचा हात धरला.
पाण्याचा पेला धरावा तसा, फिजिओबाई म्हणाल्या होत्या,
आवळायचा नाही.

पहिले आठ दिवस मी भिंती मारल्या.
आभाळ मारलं.
एकदा आपल्याच माणसाच्या पायाशी बॉम्ब.
मनगटानं नाही, कोपरानं, कोपरानं,
असं पुटपुटत,
परात घासताना हात खांद्यातून फिरतो तसा.
कर्सर मंद केला.
टेबलावरची बाटली, गोळ्यांचा डबा, लाईटचं बिल,
ह्यांचा चार्जर, सगळं उचललं.
हाताला आता जागा लागते.
या घरात एवढी जागा मी कधी मागितली नव्हती.

बरं झालं म्हणाल तर नाही.
वीस मिनिटं झाली की घड्याळ ओरडतं,
मी उठते, मूठ उघडते, मिटते, उघडते.
झोपताना पट्टा.
पाऊस असला की दुखणं मनगटातून वर चढतं,
माऊस काही वैद्य नाही.
लांबच्या नेमाची बंदूक मी ओजस्वला देऊन टाकली.
आता मी दार धरते. धूर सोडते.
पडलेल्याला उचलते, त्याला नेम लागत नाही,
फक्त शेजारी थांबावं लागतं.

परवा टाइप करायला बोटं वळेनात
म्हणून पहिल्यांदा माइक सुरू केला.
भाई, कव्हर?
दे रही हूँ, म्हटलं.
दोन सेकंद कुणीच काही बोललं नाही.
शेजारच्या इमारतीत कुणीतरी पाण्याचा पंप लावला होता,
तोसुद्धा त्या चौघांना ऐकू गेला असणार.
मग ओजस्व म्हणाला,
ओके दीदी, लेफ्ट देखो.

डावीकडे खरंच एकजण होता.