शेपटीचा पंखा

यामालच्या टुंड्रात झाड नाही,
त्यामुळे येणारं काहीही फार आधी दिसतं.
सेव्नेचा थोरला, एदेइको, कानांवर विसंबत नाही.
आवाज वारा फिरवतो, म्हणतो,
आकार नाही फिरवत.

आठ पाती, गाभण रेनडिअरसारखं पोट:
गॅसवाल्यांचं. पाइप लटकवून नेतं, खाली बघत नाही.
तीन पाती, पाठीवर कुबड: डॉक्टरीणबाईंचं.
एकावर एक दोन चक्रं, शेपटीला पंखाच नाही,
ते एकदाच आलेलं, वणव्याच्या साली;
अजून सांगतो त्याबद्दल, कुणी ऐको न ऐको.
राहिली पाच पात्यांची दोन, अगदी जुळी.
शेपटीचा पंखा डाव्या अंगाला, तर सर्व्हेवाले.
उजव्या, तर शाळा.

ऑगस्ट संपताना ठिपका दिसला.
एदेइको स्लेजवर चढला, कपाळाशी हात धरून
बराच वेळ उभा.
"डावीकडे," म्हणाला. "आपलं काही नाही."

धाकटी हादने पिल्लाला मासा भरवत होती.
यंदा यादीत पहिल्यांदाच तिचं नाव.

सेव्नेनं सुई थांबवली.
ठिपका नदीवर वळला, कूस दाखवली:
पंखा उजवीकडे,
उन्हात नाण्यासारखा फिरणारा.

तिला येतं ओळखता. तिनंच शिकवलं त्याला,
स्वतः कधीकाळी झुडपात पालथं पडून शिकलेलं.

"डावीकडेच," ती म्हणाली,
दातानं दोरा तोडला,
आणि हादनेच्या नव्या बुटाचा
राहिलेला टाका घालायला घेतला,
सावकाश,
कुत्री भुंकायला लागली तरी.