तहकूब सभा

कोरमअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब.
नंतर त्याच जागी, तेवढ्याच माणसांत
सर्व विषय सर्वानुमते मंजूर.
हे मी अकरा वर्षं लिहिलं.
मी सचिव, पाणी वापर संस्था, चारी नंबर नऊ,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक.
मानधन ठरलेलं आहे. मिळतंच असं नाही.

त्या अर्ध्या तासात काय असायचं?
चहा. अध्यक्षांनी आणलेला भेळभत्ता.
द्राक्षाचा भाव, कुणाची सोयरीक.

यंदा त्या अर्ध्या तासात सुगंधाबाई कडलग आल्या.
टेलच्या. म्हणजे चारी जिथं संपते
आणि पाणी जिथं कागदावरच पोचतं, तिथल्या.
म्हणाल्या, मागचं इतिवृत्त वाचा.
मंजूर आहे ते, बाई.
मंजूर कुणी केलं, तेही वाचा.

मी वाचलं.
अक्षर माझंच,
पण दुसऱ्याची चिठ्ठी फोडल्यासारखं झालं.
‘टेलपर्यंत पाणी पोचले.’
बघायला कोण गेलं होतं?
कुणीच नाही.
वरून सोडलं की खाली पोचतं,
असं आम्ही धरून चाललो होतो.
पाण्याचं काय आणि पैशाचं काय.

घड्याळात अजून अकरा मिनिटं होती.
बाईंनी फोन काढला:
या की, सभा सुरू व्हायचीय.
आधी चार आले, मग सतरा,
मग पायरीवर चपलांना जागा उरली नाही.
‘कोरम पूर्ण’ लिहिताना पेन अडलं.
सवय नव्हती.

भांडण झालं. नीट झालं.
वरच्या गेटची किल्ली कुणाच्या खुंटीला असते
हे नाव घेऊन विचारलं गेलं.
ठराव एकच:
कुणाला किती तास, गेज किती,
रोज शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहायचं.
आणि किल्ली टेलला.

यानं काय झालं म्हणाल
तर फार मोठं सांगता येणार नाही.
पाणीपट्टी लोक आपण होऊन आणून देतात. सगळे नाही.
सुगंधाबाईंच्या दोन एकरांतला टोमॅटो
पिंपळगावच्या मार्केटला गेला.
भिंतीवरचे आकडे रात्री कुणीतरी पुसले, दोनदा.
तिसऱ्यांदा पुसले तेव्हा
चौथीच्या पोरांनी ते पाढ्यासारखे
तोंडपाठ म्हणून दाखवले.

माझ्या मानधनाचा विषय
पुढच्या सभेत आहे.
अध्यक्षांच्या परवानगीनं, आयत्या वेळी.